डबलसीट नको, दोन सायकली!

मैत्रिणींनो, लग्नाला दहा-बारा वर्षं झाली की नवरा-बायकोचं बोलणं कशावर येऊन ठेपतं, ते मी निराळं सांगायला नको. दुधाचा हिशेब, मुलांची फी, गॅसचा नंबर, आणि "उद्या डब्याला काय?" सहलीला निघालो तरी सगळं घरदार बरोबर. गाडीत आपण चिवड्याचा डबा फिरवायचा, कुणाला मळमळतंय ते बघायचं, उतरताना पिशव्या मोजायच्या. आणि दोघंच स्कूटरवरून कुठं गेलो, तर आपण मागच्या सीटवर. समोर दिसते ती फक्त त्यांच्या शर्टाची पाठ!

आज सुचवते आहे ती सहल वेगळी आहे. दोघांनीच जायचं, दोन रात्रींसाठी, आणि ज्याने त्याने आपापल्या सायकलवर. आमचं बिऱ्हाड तळेगावात, म्हणून मी तळेगाव ते लोणावळा ही वाट सांगते. तुम्ही आपल्या गावाजवळची निवडा.

"या वयात सायकल?" असं कुणी म्हणेलच. अहो, पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी शाळा-कॉलेज सायकलवरच केलं आहे. लग्नानंतर ती सायकल कुठं गेली, एवढाच प्रश्न. थोर शास्त्रज्ञ मेरी क्यूरी आणि पिएर क्यूरी यांचं लग्न १८९५ साली झालं. आहेरात आलेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि लग्नानंतरचा प्रवास फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून त्या सायकलींवर केला. एक नाही, दोन सायकली, हे लक्षात घ्या!

परदेशी असलेल्या मैत्रिणी अ‍ॅमस्टरडॅमचे फोटो पाठवतात. कालव्याकाठी नवरा-बायको सायकलवर, पुढच्या टोपलीत फुलं. आपण म्हणतो, त्यांचं बरं आहे, त्यांना रस्ते आहेत. पण तिथेही ते आपोआप झालेलं नाही. १९७० नंतरच्या वर्षांत मोटारींखाली लहान मुलं दगावू लागली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि मग सायकलींसाठी वेगळ्या वाटा वाढत गेल्या. आपल्याकडे अजून तशा वाटा नाहीत, म्हणून वेळ आणि रस्ता दोन्ही जपून निवडायचे.

वाट कशी आहे?

लोणावळा म्हटलं की घाट, असं डोक्यात बसलेलं असतं. पण घाट आहे तो लोणावळ्या-खंडाळ्याच्या पलीकडे, खोपोलीच्या बाजूला. आपल्या बाजूने लोणावळा मावळच्या पठारावरच आहे. तळेगाव आणि लोणावळा यांच्या उंचीत फार फरक नाही. मधे थोडे चढउतार आहेत आणि कामशेतजवळची खिंड जरा दम काढते, तिथे खुशाल उतरून चालावं. अंतर एका बाजूने सुमारे ३० किलोमीटर. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा जायचं ते जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानेच. त्यावरही ट्रक असतात. म्हणून पहाटे फटफटलं की निघायचं आणि ऊन तापायच्या आत मुक्कामी पोचायचं. शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी लोणावळ्याला गाड्यांच्या रांगा लागतात.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मावळ हिरवागार असतो, मोह पडतो, पण रस्ते निसरडे, धुकं, आणि ओढ्यांना कधी लोंढा येईल याचा नेम नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढायला काही क्षण पुरतात. थंडीत धबधबा नसेल, नसू दे.

पहिला दिवस: तळेगाव ते कार्ले

तळेगाव सोडलं की वडगाव. आपण हौसेने इंद्रायणी तांदूळ आणतो ना, तो वाण इथल्याच भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तयार करून १९८७ साली शेतकऱ्यांना दिला. त्याच्या वासाचा भात कुकरमधून रोज काढायचा आणि ज्या मातीतला तो, ती कधी बघायची नाही, असं होऊ नये. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेली खाचरं दिसतात. थांबा, पाणी प्या.

पुढे कामशेत. इथून दक्षिणेला बेडशाची लेणी आहेत. तिथल्या पाण्याच्या एका टाक्यावर लेख आहे, की हे टाकं समडिनिका नावाच्या बाईने दान दिलं. जुनी, सातवाहनांच्या काळातली गोष्ट. वाट वाकडी पडते म्हणून आम्ही गेलो नाही, पण बाटली भरताना तिचं नाव मी ह्यांना सांगितलं.

खिंडीत आम्ही दोघंही उतरून चालत होतो. सायकली हातात, बोलायला तिसरं कुणी नाही. तेव्हा हे एकदम म्हणाले, "आमचं खातं दुसऱ्या गावी हलवणार म्हणताहेत." दीड महिना हे त्यांच्या मनात होतं. घरी बोलायचं तर सासूबाई ऐकतील, मुलं ऐकतील. रात्री मी दमलेली, ते दमलेले. मी तरी कुठं सांगितलं होतं, की मला बी. एड. करायचं आहे, तासिकेवरचं शिकवणं आता पुरे झालं? त्या खिंडीत तेही बोलून झालं. लगेच काही तोडगा निघाला असं नाही. पण चालता चालता आम्ही तोंडीच हिशेब मांडला: एका पगारात किती महिने निघतील, बी. एड.ची दोन वर्षं कधी बसतील, घर हलवायचं की त्यांनी एकट्यानेच जायचं. माथ्यावर पोचलो तेव्हा निदान काळजी दोघांत वाटली गेली होती.

कार्ल्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे. खोली आधी राखून ठेवा, आणि सायकली रात्री कुठं ठेवता येतील तेही फोनवर विचारून घ्या. दुपारी विश्रांती घेऊन उन्हं कलल्यावर लेण्यांकडे जावं. तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, सावकाश चढा. शेजारीच एकवीरा आई. चैत्रात यात्रेला कोळी बांधवांची अलोट गर्दी असते, एरवी दर्शन निवांत होतं.

कार्ल्याचं चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यांत सगळ्यांत मोठं. लांबी सुमारे १२४ फूट. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत! भिंती-खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सुतार आहे, भिक्षुणीही आहेत. पण मला सगळ्यांत आवडली ती दाराजवळची दांपत्य-शिल्पं. मोठाली, भरदार अंगाची. बाई पुरुषाच्या मागे नाही, पायाशी नाही, शेजारी उभी आहे. ह्यांना म्हटलं, "बघा, डबलसीट नाही!"

दुसरा दिवस: भाजे आणि लोणावळा

सकाळी मळवलीवरून भाज्याला. सायकली खाली गावात ओळखीच्या झालेल्या चहावाल्यापाशी ठेवल्या आणि कुलूप लावलं. ही लेणी कार्ल्याहूनही जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. इथे एका विहारात एक बाई तबल्यासारखं जोडवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. मागे लोहगड दिसतो. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला हा एक. गडावर त्याच दिवशी जाऊ नका, पाय परतीसाठी हवे आहेत.

दुपारपर्यंत लोणावळा. जेवण, झोप, आणि संध्याकाळी वळवण धरणाच्या बाजूला एक चक्कर. जमलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे खंडाळ्यापर्यंत जाऊन या, मात्र पुढे घाटात सायकल घालू नका. रेल्वे खंडाळ्यापर्यंत १८५८ साली आली आणि घाटातली वाट १८६३ साली पुरी झाली. मधल्या काळात उतारू पालख्यांतून, तट्टांवरून घाट उतरत. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येऊन थोड्याच दिवसांत वारला. मायदेशी परत न जाता त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, हुशार इंजिनियर नेमले आणि हजारो मजुरांचं ते काम तडीला नेलं. आज एक्स्प्रेसने जाताना बोगदे मोजणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

चिक्की परतताना घ्या. आधी घेतलीत तर ओझंही वाढतं आणि ती घरापर्यंत उरतही नाही.

तयारी

महिनाभर आधी सुरुवात करा. रोज पहाटे तीन-चार किलोमीटर, मग आठ, मग पंधरा. सीटची उंची नीट करून घ्या: पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात आणि आपण वयाला दोष देतो. चढावर हलका गिअर टाका. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, एकदम पुढचाच नको.

पंजाबी ड्रेस घालणार असाल तर ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला गच्च बांधा, सलवारीच्या मोहरीला रबर लावा. डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगात भडक रंगाचा कपडा. पाळीची तारीख बघून बेत आखा. सामान पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरिअरला बांधा: दोन जोड कपडे, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्यूशन, जादा ट्यूब, हातपंप, पाना, मलमपट्टी. पंक्चर काढायला आधी घरीच शिकून घ्या, दोघांनीही.

खाण्याला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, खजूर. पाण्यात लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. तहान लागायची वाट न बघता पीत राहावं.

आणि घरचं काय?

खरी अडचण चढाची नाहीच, उंबऱ्याची आहे. आमच्या सासूबाई पहिल्यांदा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, पोरं टाकून दोघं सायकलवर?" मी वाद घातला नाही. ह्यांना म्हटलं, तुमच्या आईला तुम्हीच विचारा. मैत्रिणींनो, हे महत्त्वाचं. मुलाने विचारलं की तो बेत होतो, सुनेने विचारलं की ती हौस होते. ते संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, आम्हाला दोघांना दोन दिवस हवेत." सासूबाईंनी विचारलं ते एवढंच, "मग सकाळी दूध कोण घेणार?"

तीन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवू नका. ते केलं तर तुम्ही निघण्याआधीच थकाल. भाजी चिरून ठेवा, कणीक दुकानातून आणून ठेवा, आणि एका कागदावर लिहा: औषधं, डॉक्टरांचा फोन, शाळेची वेळ, किल्ल्या कुठं आहेत ते. आमच्या सहावीतल्या मुलाने रोज कुकर लावला आणि दुसरीतल्या मुलीने ताटं घेतली. खिचडी एकदा करपली. कुणाला काही झालं नाही.

घरी फोन दिवसातून एकदाच, रात्री आठला. तोही आळीपाळीने: एक दिवस तुम्ही, एक दिवस त्यांनी. दर तासाला "जेवलात का?" विचारत राहिलात तर सायकल कार्ल्याला असेल, पण तुम्ही स्वयंपाकघरातच असाल.

आता रविवारी माळ्यावरची सायकल खाली काढा. साखळीला तेल घाला, हवा भरा, आणि ह्यांना म्हणा, कोपऱ्यापर्यंत येता का. जाऊन आलात की वाट कशी होती, पाणी कुठं मिळालं, कुठला चढ जड गेला, हे मला जरूर कळवा. इथे छापू, म्हणजे पुढच्या मैत्रिणीला सोपं जाईल.