कोणत्या पोडाची?

वीकएंड डेस्टिनेशनच्या कुठल्याच यादीत राळेगाव तुम्हाला सापडणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन, आणि उन्हाळा असा की पुण्यातल्या उन्हाळ्याची कीव यावी. माझी आत्या तिथे राहते. तिची थोरली सून, म्हणजे माझी वहिनी, जवळच्याच एका कोलाम पोडावरच्या शाळेत शिकवते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मुख्य गावापासून जरा अंतर राखून वसलेली आणि मधोमध चावडी असलेली.

आत्याच्या घरात कोलाम म्हणजे दोनच गोष्टी होत्या: कापूस वेचायला येणाऱ्या बाया आणि बांबूच्या टोपल्या. टोपल्या विकणारी एक आजी वर्षानुवर्षं ओसरीवर टेकायची, भाव करायची, चहा प्यायची (कप वेगळा, हेही सांगायला हवं) आणि निघून जायची. ती माणसं आपसात जे बोलतात ते बिघडलेलं मराठी, असं घरात सगळ्यांचं ठाम मत. त्यापुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

मग वहिनीला पोडावरची शाळा मिळाली. पहिलीच्या वर्गात एक मुलगी तोंडातून शब्द काढेना. आठवडा झाला तरी नाही. 'स्लो लर्नर' हा शिक्का तयारच होता. जूनअखेरच्या एका उकाड्याच्या दुपारी ती अचानक 'ईर, ईर' करत रडायला लागली. वहिनीला वाटलं, कुणी चिमटा काढला. डोक्यावर टोपल्या घेऊन निघालेली तीच आजी दारात थबकली. मुलगी तिची नात होती. "पाणी मागून राह्यली, मॅडम," ती म्हणाली.

वहिनीने दुसऱ्या दिवसापासून आजीला रोज तासभर वर्गात बसवलं. आजीला अक्षरओळख नाही. तक्त्यावरचं चित्र बघून ती कोलामी नाव सांगायची, पोरं ओरडायची, वहिनी फळ्यावर मराठी लिहायची. घर म्हणजे एल्ला. पाणी म्हणजे ईर. हे शब्द संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात पोचायचे. धाकटा भाऊ हैदराबादला आयटीत आहे. फोनवर हे ऐकून तो म्हणाला, "अगं, हे तर तेलुगूसारखं आहे! इल्लु, नीरु!"

बिघडलेलं मराठी कसलं, ही मराठीच्या कुळातलीच भाषा नाही. कोलामी द्राविडी आहे. मरे एमेनो नावाचा भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात राळेगावच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात येऊन कोलामांकडून ती शिकला आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याचं पुस्तक छापलं. बर्कलेच्या लायब्ररीत जे ठाऊक होतं, ते आमच्या ओसरीपर्यंत यायला आजीच्या नातीला तहान लागावी लागली! २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. पुण्यातला एखादा मोठा वॉर्डच म्हणा ना.

आणखी एक गंमत. मराठीत आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं ठेवतो. ऐकणारा वगळून 'आम्ही', त्याला धरून 'आपण'. इंग्रजीच्या 'वुई'ला हे जमत नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. कोलामीत मात्र दोन्हींना वेगळे शब्द आहेत. मराठीत हा फरक द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. वहिनी सांगते, आजीचं मराठी तोडकंमोडकं, पण इथे ती कधी चुकत नाही. आमची आत्या दिवसातून वीस वेळा म्हणते, "आमच्यात असं नसतं हं."

आजी शाळेतून परतताना आत्याकडे थांबू लागली, टोपल्या नसतानाही. एका दुपारी शेंगा फोडता फोडता तिने सहज सांगितलं की हा नवरा दुसरा. पहिला वारला, मग पुन्हा लग्न झालं. त्यांच्यात विधवेने पुन्हा लग्न करायला कधीच आडकाठी नव्हती. आत्याची मोठी जाऊ पंचविशीत विधवा झाली आणि उरलेली चाळीस वर्षं त्याच घराच्या मागच्या खोलीत राहिली. आत्या शेंगा फोडायची थांबली, असं वहिनी सांगते. दोघी त्यावर काय बोलल्या, ते वहिनीलाही माहीत नाही. वेगळा कप नक्की कधी गेला, हे मी आत्याला विचारलं होतं. तिने मला पोळ्या लाटायला बसवलं.

याच तालुक्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे. शेतकरी नेते शरद जोशींच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. तिथली आख्यायिका अशी की वनवासात टाकलेल्या सीतेने गावात पसाभर गहू मागितले, ते कुणी दिले नाहीत, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला. आत्याने ही गोष्ट आजीला सांगितली. आजीचा पहिला प्रश्न होता, "मग तिनं खाल्लं काय?" आत्या इतकी वर्षं ही कथा सांगतेय, तिला कुणी हे विचारलं नव्हतं.

दिवाळीत पोडावर दंडार असते. ढोलाच्या तालावर रात्री उशिरापर्यंत नाच. गेल्या वर्षी आम्ही सगळे गेलो, आत्यासुद्धा गुडघे सांभाळत. मला ती नात चिकटली. आता चौथीत आहे आणि गप्प वगैरे अजिबात नाही. "तू कोणत्या पोडाची?" मी म्हटलं, पुण्याची, अकरा मजल्यांची सोसायटी आहे. "चावडी हाय?" मी म्हटलं, क्लब हाऊस आहे, पण आधी बुकिंग करावं लागतं. तिने आजीला ते कोलामीत सांगितलं आणि दोघी बराच वेळ हसत बसल्या.

पहिलीतल्या नव्या पोरांना मराठी समजावून सांगायचं काम हल्ली तीच करते. पोडावरची शाळा चौथीपर्यंतच. येत्या जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या, मोठ्या शाळेत जाईल. तिथे कोलामी येणारं कुणी आहे का, याची वहिनी आत्तापासून चौकशी करतेय. अजून कुणी सापडलेलं नाही.