कोणता बिबट्या?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत मी लहानाचा मोठा झालो. ‘बिबट्या आला’ एवढे ऐकले की आमच्याकडे दारे लागतात. कोणता बिबट्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

वास्तविक प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. डाव्या आणि उजव्या कुशीवरचीही सारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. जनावर समोरून गेले की छायाचित्र आपोआप निघते. मग ठिपके ताडून ओळख पटवितात. समुद्रातील डॉल्फिन पाठीवरच्या पराच्या खाचांवरून ओळखतात, तत्त्व तेच. निकित सुर्वे यांनी २०१५ साली याच रीतीने उद्यान व परिसरात ३५ बिबटे मोजले.

२००४ साली हल्ले वाढले, तेव्हा अनेक बिबटे पिंजऱ्यात पडले. सापडला तोच दोषी, असे छातीठोकपणे कोण सांगणार? २०२१ साली आरेत हल्ले झाले, तेव्हा निदान छायाचित्रांचा आधार होता.

ज्याचे मूल अंगणात खेळते त्याची भीती खोटी नव्हे. सावध राहावेच. पण दोष देण्यापूर्वी ‘कोणता?’ असे विचारावे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शेजारच्या इमारतीत चोरी झाली की आजही बोट सबंध वस्तीकडे वळते. जंगलात एकेकाची ओळख पटते, मग माणसांत का पटू नये? माणसाचा चेहरा ओळखायला तर कॅमेराही लागत नाही!