अपघात झाला की उचलायची घाई नको. मणक्याचा विचार आधी

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने 5 मे 2025 रोजी कॅशलेस उपचार योजना लागू केली. अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा इलाज. कायद्यात याची तरतूद 2019 सालीच झाली होती. अंमल होईना, म्हणून सुप्रीम कोर्टाला जानेवारी 2025 मध्ये सरकारला मुदत घालून द्यावी लागली.

योजना चांगलीच आहे. पण ती सुरू होते हॉस्पिटलच्या दारात. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाचं नशीब बऱ्याचदा त्याआधीच, रस्त्यावर ठरतं.

आपल्याकडे काय होतं? दोघे खांदे धरतात, दोघे पाय धरतात. जखमीला रिक्षात कोंबतात, मान लोंबत असते. कोणी पाणी पाजतो. नियत नेक असते, पण नुकसान मोठं होऊ शकतं. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत तोच पोहोचवतो. मणका मोडला पण मज्जारज्जू शाबूत असेल, तर माणूस पुन्हा चालू शकतो. तोच मोडलेला मणका उचलताना सरकला, तर जन्माचं अपंगत्व येऊ शकतं. पुढच्या काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि इजा वाढत जाते. म्हणून डॉक्टर आधी श्वास आणि बीपी सांभाळतात. मज्जारज्जूवर दाब असेल तर शक्यतो 24 तासांच्या आत ऑपरेशन करून तो काढायचा प्रयत्न करतात.

मग आपण काय करायचं? 108 किंवा 112 ला फोन. जखमी मान-पाठ दुखते म्हणत असेल, हातपाय बधिर असतील, हलत नसतील किंवा तो बेशुद्ध असेल, तर मणक्याला इजा आहे असंच समजावं. त्याला बसवू नये, उभं करू नये, पाणी देऊ नये. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच स्थिर धरावं. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. आग किंवा गाड्यांचा धोका असेल तरच हलवावं. उलटी झाली तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून अख्खं अंग एकदम कुशीवर वळवावं. मात्र श्वासच बंद पडला असेल, तर मणक्यापेक्षा जान आधी.

लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ प्रमाणे, नेक इराद्याने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही. हे घरात मुलांनाही सांगून ठेवा.

आता योजनेतली उणीव. मणक्याच्या पेशंटचा इलाज सात दिवसांत संपत नाही. लघवीची नळी, पाठीला होणाऱ्या जखमा, फिजिओथेरपी, व्हीलचेअर, हे महिनोन् महिने चालतं. घरचा कमावता माणूस पडून असतो आणि बायकोची मजुरीही बुडते. शिवाय ही योजना फक्त वाहनांच्या अपघातांसाठी आहे. कोकणात नारळाच्या झाडावरून पडलेला किंवा शहरात बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला मजूर तिच्यात बसत नाही. मणका मात्र दोघांचाही तसाच मोडतो. सात दिवसांनंतरच्या पुनर्वसनाचा खर्च कोण करणार, हा सवाल आमदार-खासदारांना विचारायलाच हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. बऱ्याच मोहल्ल्यांत कमिटीची अँब्युलन्स असते. तिच्यात कडक स्पाइन बोर्ड आणि मानेची कॉलर आहे का, आणि ती वापरायचं ड्रायव्हरला कोणी शिकवलंय का? अपघाताच्या जागी सगळ्यात आधी धावतात ती नाक्यावरची पोरं आणि रिक्षावाले. त्यांच्यासाठी एखाद्या डॉक्टरांना बोलावून दोन तासांचं शिबिर ठेवायला सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही.