फ्लेक्स नको, समुपदेशकाची खोली दाखवा!

10 ऑक्टोबर जवळ आला की कॉलेजांतून मला फोन येऊ लागतात. "डॉक्टर, जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे, तासभर बोलाल का?" मी जातो. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ यात निम्मा वेळ जातो. मागे भलामोठा फ्लेक्स, समोर हजेरीच्या धाकाने बसलेली मुलं. शेवटी ग्रुप फोटो. तो फोटो अहवालाला चिकटतो आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विषय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मिटतो.

स्पष्ट सांगतो, हा आरोग्य कार्यक्रम नव्हे, हा समारंभ आहे.

परीक्षेच्या तोंडावर माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात. छातीत धडधड, पोटात मुरडा, रात्र रात्र झोप नाही. तपासण्या नॉर्मल येतात. एका मुलीला विचारलं, "तुमच्याकडे समुपदेशक नाहीत का?" ती म्हणाली, "आहेत ना सर. आठवड्यातून एकदा येतात. प्राचार्यांच्या केबिनला लागूनच बसतात. बाहेर रजिस्टर आहे, त्यात नाव, वर्ग आणि येण्याचं कारण लिहायचं."

तुम्ही लिहिलं असतं का कारण?

आणि मग हेच लोक म्हणतात, "आम्ही सोय केली आहे, पण मुलंच येत नाहीत!"

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. "आजकालची मुलं नाजूक" म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं. पण वेळेवर मदत मिळाली तर अनेक जीव वाचतात, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो.

कायदाही आता मोघम राहिलेला नाही. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच दिला आहे. मग ते रजिस्टर कशासाठी?

"निधी नाही" हे उत्तर मला पटत नाही. फ्लेक्सला निधी असतो, स्नेहसंमेलनाला असतो. शिवाय अर्धं काम फुकटात होतं. खोली आडबाजूला हलवा. रजिस्टर बंद करा. परीक्षेचं वेळापत्रक आणि निकाल वेळेवर लावा. मेसमध्ये उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवा. वर्गात येईनासा झालेल्या मुलाला हजेरीची नोटीस पाठवण्याआधी एका शिक्षकाने विचारावं, "बाळा, बरा आहेस ना?" आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात शिरतो, हा निव्वळ गैरसमज आहे. विचारल्याने मूल मोकळं होतं.

पालकहो, प्रवेश घेताना तुम्ही फी, हॉस्टेल आणि प्लेसमेंट विचारता. यंदा हे चार प्रश्नही विचारा:

1. समुपदेशक पूर्णवेळ आहेत का? त्यांचं शिक्षण काय?
2. त्यांची खोली कुठे आहे? मला दाखवाल का?
3. तिथे बोललेलं शिक्षकांपर्यंत पोहोचतं का?
4. रात्री दोन वाजता हॉस्टेलमधल्या मुलाने कोणाला फोन करायचा?

चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर बाकीचं माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, त्या संस्थेत आरोग्य कार्यक्रम नाही असं समजा.

तोवर एक नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये आजच घाला: टेलिमानस, 14416. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते. आणि मूल घरी आल्यावर मार्कांआधी झोपेची चौकशी करा.