हाड जुळलं, पण निंदायला बसता येतं का?

मोडलेल्या पेल्विसचं, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचं, ऑपरेशन झालं, एक्स-रेत प्लेट-स्क्रू जागच्या जागी दिसले, पेशंट वॉकर सोडून चालू लागला, की तो बरा झाला असं आपण ठरवून टाकतो. माझा आक्षेप या निकालावर आहे, शस्त्रक्रियेवर नाही. पेल्विस फुटून आतल्या आत होणारा रक्तस्राव जीव घेऊ शकतो. तो जीव वाचवणाऱ्यांचं मोल वादातीत आहे. पण अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत कष्टकऱ्याचं आयुष्य जमिनीलगत चालतं. निंदण उकिडवं बसून, सोयाबीनची सोंगणी खाली वाकून, जेवण मांडी घालून, आणि संडासही बहुतेक घरी उकिडवं बसायचाच. हे ज्याला जमत नाही, तो चालता-फिरता असूनही घरात परस्वाधीन होतो आणि मजुरीतून बाद होतो.

आम्ही गुण देऊन मोजतोच की, असं डॉक्टर म्हणतील. मोजतात, पण काय मोजतात तेही पाहावं. 1989 साली प्रसिद्ध झालेली मजीद यांची 100 गुणांची मोजपट्टी आजही वापरात आहे. उभं राहणं-चालणं 36, वेदना 30, काम 20, बसणं 10, लैंगिक संबंध 4. बसण्याच्या दहा गुणांत त्रास किती होतो एवढंच विचारलं जातं. उकिडवं बसता येतं का, मांडी घालता येते का, हा प्रश्नच नाही. अपघाताआधी कामधंदा नसलेल्यांचं मोजमाप तर कामाचे 20 गुण वगळून 80 पैकी होतं. म्हणजे निंदायला जाणाऱ्या बाईच्या केसपेपरवर 'गृहिणी' लिहिलं, की तिची बुडालेली मजुरी हिशेबात येतच नाही. शेवटच्या चार गुणांविषयी पेशंट स्वतःहून तोंड उघडणार नाही. या दुखापतीत मूत्रमार्ग आणि नसाही सापडू शकतात, तेव्हा तो विषय डॉक्टरनेच काढायला हवा.

याहून वजनदार हरकत अशी, की नस कायमची गेली किंवा सांधा झिजला, तर निष्णात सर्जनही उकिडवं बसवू शकत नाही. काहींना तसं बसणं अपायकारकच असतं. अगदी मान्य. पण मग ते वेळीच सांगावं, कमोडची खुर्ची सुचवावी, निंदणाऐवजी उभ्याने होणारं कोणतं काम जमेल ते बोलावं. पेशंट परत येत नाहीत ही तक्रार खरी आहे, तिची कारणंही उघड आहेत. 2 जुलै 2012 ला सुरू झालेल्या, आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. पण तिच्यातला पाठपुरावा डिस्चार्जनंतर दहा दिवसांचा, आणि मोडलेल्या पेल्विसवर पूर्ण भार द्यायला अनेकदा दोन-तीन महिने थांबावं लागतं. पुढच्या प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि सोबत्याची मजुरी जाते. तेव्हा तपासणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवावी. उपचारासोबत पेशंटच्या कामाचाही विचार करणं अमरावतीला नवं नाही. इथल्याच तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना औषधासोबत हाताला कामही दिलं. केसपेपरवर पेशंटचं अपघाताआधीचं नेमकं काम, आणि सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष अशा तीन तारखा लिहायला वेगळा निधी मंजूर व्हावा लागत नाही.