वेस्ट बेच्या खिडकीतून : ओळखीची पेठ, अनोळखी बाजार



आपल्या या सदरात यंदा एका अर्थशास्त्रज्ञाची ओळख करून द्यायची आहे. "अहो, दिवाळी अंकात अर्थशास्त्र? चकलीबरोबर काढा?" असं म्हणून पान उलटू नका. या गृहस्थांनी ज्या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तो तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. ज्याला आपण नीट ओळखत नाही, त्याच्याशी भरवशाने व्यवहार करायचा कसा? भिशी, भाड्याचा फ्लॅट, गावाकडचं बांधकाम, भाच्याच्या नोकरीसाठी गाठलेला एजंट, सगळीकडे हाच प्रश्न आहे.

आधी आपल्या वेस्ट बेबद्दल. कॉर्निशच्या टोकाला पिरॅमिडसारखं दिसणारं शेरेटन आपण सगळेच ओळखतो. १९८२ साली ते सुरू झालं, तेव्हा आजूबाजूला आजचे टॉवर नव्हते आणि पायाखालची बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून नुकतीच तयार झालेली होती. याच शेरेटनमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेची चौथी मंत्रिपरिषद भरली. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. भारताच्या बाजूने वाणिज्य मंत्री मुरासोली मारन यांनी तिथे ताठ भूमिका घेतली. चीनच्या सदस्यत्वावर इथेच शिक्कामोर्तब झालं. जीवनावश्यक औषधं आणि पेटंट यांवरचा जाहीरनामा इथलाच. ठरलेल्या वेळेपेक्षा एक दिवस जास्त चर्चा चालली आणि १४ नोव्हेंबरला 'दोहा विकास फेरी'ची घोषणा झाली. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं!

ती फेरी पुढे रखडली. २००८ साली जिनिव्हात बोलणी मोडली, ती पुन्हा धड सांधली गेलीच नाहीत. दरम्यान नोव्हेंबर २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराच्या सदस्य देशांची परिषद याच दोह्यात भरली आणि देशांनी एकमेकांचं काम तपासायची पद्धत तिथे ठरली. म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार, विकास आणि भ्रष्टाचार हे तिन्ही विषय आपल्या गावाला पाहुणे म्हणून येऊन गेलेले आहेत. या तिघांना एका सूत्रात ओवणाऱ्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांमधलं एक नाव म्हणजे अविनाश कमलाकर दीक्षित. नाव वाचूनच तुम्ही सरसावून बसला असाल.

दीक्षितांचा जन्म १९४४ चा, मुंबईचा. झेवियर्समधून १९६३ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग केंब्रिजमध्ये पुन्हा गणित. तिथून हा गणिती अर्थशास्त्राकडे वळला आणि १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटीची पीएच.डी. मिळवली. पुढे बर्कली, ऑक्सफर्ड, वॉरिक आणि १९८१ पासून प्रिन्स्टन. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं अध्यक्षपद त्यांनी २००८ मध्ये भूषवलं आणि २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. सर्वसामान्य वाचकाला ते ठाऊक असतात ते बॅरी नेलबफ यांच्याबरोबर लिहिलेल्या 'थिंकिंग स्ट्रॅटेजिकली' या १९९१ च्या पुस्तकामुळे. समोरचा काय करील याचा अंदाज घेऊन आपली खेळी कशी ठरवावी, हे त्यात रोजच्या उदाहरणांनी सांगितलं आहे.

त्यांच्या नावाला वजन आलं ते १९७७ च्या एका लेखाने. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर लिहिलेला हा लेख वरवर साध्या गोष्टीबद्दल आहे. ग्राहकाला विविधता आवडते, पण प्रत्येक नवा प्रकार बनवायचा तर नवा कारखाना, नवा खर्च. मग बाजारात किती प्रकार असावेत? आपल्या हायपरमार्केटमध्ये टूथपेस्टच्या फळीसमोर उभं राहिलं की हा प्रश्न दिसतो. या लेखातलं गणित इतकं सुटसुटीत होतं की पुढे अनेकांनी ते उचललं. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो आणि फ्रान्सकडूनही मोटारीच घेतो, हे कसं, याचा उलगडा पॉल क्रुगमन यांनी त्याच गणिताच्या आधाराने केला. क्रुगमनना २००८ चं नोबेल मिळालं, त्याच्या पायात हा दगड आहे. १९८० मध्ये व्हिक्टर नॉर्मन यांच्याबरोबर दीक्षितांनी आंतरराष्ट्रीय व्यापारावर लिहिलेलं पुस्तकही त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं.

इथवरचा प्रवास हुशार मुलाचा म्हणून कौतुकाने सांगता येईल. मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं वळण. व्यापाराच्या पुस्तकांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: करार केला की तो पाळला जातो, नाही पाळला तर कोर्ट आहे. जगातल्या मोठ्या भागात हे खरं नाही. कोर्टाची पायरी चढली तर नातवाच्या हाती निकाल येतो. मग तिथे व्यापार होतो तो कशाच्या जोरावर? या प्रश्नावर दीक्षितांनी २००४ साली 'लॉलेसनेस अँड इकॉनॉमिक्स' हे पुस्तक लिहिलं. कायदा दुबळा असेल तिथे माणसं आपापली व्यवस्था कशी उभी करतात, याचा तो अभ्यास आहे.

त्याच सुमारास, २००३ मध्ये, त्यांनी मांडलेला एक विचार सोप्या शब्दांत सांगतो. समजा, माणसं एका मोठ्या वर्तुळावर बसली आहेत. शेजाऱ्याशी व्यवहार केला तर फायदा थोडा, कारण त्याच्याकडेही आपल्यासारखाच माल. लांबच्याशी केला तर फायदा जास्त. पण शेजाऱ्याने फसवलं तर चार घरांत लगेच कळतं. लांबच्याने फसवलं तर ती बातमी वाटेतच विरून जाते. म्हणून लहान पेठेत ओळखीवर, अब्रूवर काम भागतं. फार मोठ्या बाजारात कायदा, नोंदणी, न्यायालय यांचा खर्च परवडतो. पंचाईत होते ती मधल्या आकाराची. ओळख पुरेनाशी झालेली असते आणि कायद्याची घडी अजून बसलेली नसते. फसवणुकीचं पीक तिथे येतं.

हे आपल्याला नवं आहे का? मोत्यांच्या दिवसांत या किनाऱ्याचे मोती मुंबईच्या बाजारात जात, तेव्हा बराचसा व्यवहार शब्दावरच चाले. १९६६ पर्यंत तर कतारमध्ये रुपया चालत होता; रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाच छापल्या होत्या. दहा-बारा घरांची भिशी कागदावाचून वर्षानुवर्षं चालते. तीच भिशी व्हॉट्सअॅपवर दीडशे जणांची झाली की एक दिवस कोणीतरी नंबर लागल्यावर फोन बंद करतो. माणसं तीच असतात, वर्तुळ मात्र मोठं झालेलं असतं.

इथून दीक्षित भ्रष्टाचाराकडे आले. लाचेवर बोलताना आपण सहसा घेणाऱ्याबद्दल बोलतो. टेबलाखालून, चहापाणी, कुंपणच शेत खातं वगैरे. दीक्षितांनी देणाऱ्याकडे पाहिलं. कंत्राटासाठी लाच देणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, मी नाही दिली तर दुसरा देईल. एकेकट्याचा हिशेब बरोबर असतो, पण सगळे देऊ लागले की भाव तेवढा वाढतो आणि धंदा सर्वांचाच बुडीत जातो. २०१५ च्या एका लेखात त्यांनी सुचवलं की व्यापारी समाजाने स्वतःच संघटित होऊन ठरवावं: जो लाच देईल त्याच्याशी आपण कोणी व्यवहार करणार नाही. त्यासाठी माहिती जमवणारी, शहानिशा करणारी आणि बहिष्कार घालू शकणारी व्यवस्था हवी. सरकारी कायद्याला ती पर्याय नाही, जोड आहे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर सिसिली पाहा. माफियाला खंडणी देणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. २००४ मध्ये पालेर्मोतल्या काही तरुणांनी रातोरात शहरभर स्टिकर चिकटवून खंडणीविरुद्ध मोहीम सुरू केली. पुढे न देणाऱ्या दुकानांची यादी झाली आणि ग्राहक मुद्दाम त्या दुकानांत जाऊ लागले. २००७ मध्ये तिथल्या उद्योजक संघटनेने जाहीर केलं की खंडणी देऊन गप्प बसणाऱ्याला सदस्यत्व गमवावं लागेल. माफिया संपला असं नाही, पण देणाऱ्याचं एकटेपण संपलं.

आपल्याकडेही हा वाद झाला आहे. हक्काच्या कामासाठी नाइलाजाने लाच द्यावी लागली तर देणाऱ्याला गुन्हेगार धरू नये, म्हणजे तो तक्रार करील, असं कौशिक बसू यांनी २०११ मध्ये सुचवलं आणि गदारोळ उडाला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा असा आहे: लाच देणाराही गुन्हेगार, मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तर सूट. गावाकडे जमिनीची, बांधकामाची कामं काढणाऱ्यांनी हे सात दिवस लक्षात ठेवावेत. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा २०१५ चा कायदाही आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. कोकणातल्या एका मुलाला गेल्या वर्षी भेटलो. नाव-गाव सांगत नाही. ड्रायव्हरची नोकरी म्हणून एजंटला एक लाख दहा हजार दिले होते. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. इथे उतरल्यावर काम निघालं हेल्परचं. पावती नाही, करार नाही. मला चटका लावून गेलं ते पुढचं: त्याच्याच तालुक्यातली आणखी दोन मुलं त्याच एजंटकडून आधी फसली होती. लोक हसतील म्हणून दोघंही गप्प राहिली. त्यांनी तोंड उघडलं असतं तर या माउलीच्या पाटल्या वाचल्या असत्या.

नियम काही कच्चे नाहीत. भारतात नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार तर भरती करून देणाऱ्याने कामगाराकडून पैसे घ्यायलाच मनाई आहे. मुंबईत कतारचं व्हिसा केंद्र आहे, तिथे जाण्याआधीच करार वाचायला मागता येतो. कमी पडतं ते एकच, बातमी एकाकडून दुसऱ्याकडे पोचणं.

आणि इथे आपलं मंडळ दीक्षितांच्या त्या मधल्या वर्तुळात बसतं. जुनी माणसं सांगतात, पूर्वी गणपतीला येणारं प्रत्येक घर नावानिशी माहीत असायचं. आज आरतीला शेजारी उभा असलेला कोण, कुठल्या गावचा, हे कळत नाही. ओळखीची पेठ राहिली नाही. मग व्यवस्था नको का? कार्यकारिणीपुढे माझी सूचना साधी आहे. दोन-तीन जबाबदार सदस्यांनी एक नोंदवही ठेवावी. ज्याला एजंटचा अनुभव आला, बरा किंवा वाईट, त्याने तो कागदपत्रांसह तिथे सांगावा. ऐकीव गोष्ट लिहू नये, समोरच्याची बाजू विचारल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, आणि फसलेल्याचं नाव बाहेर जाऊ नये. गावाकडून कोणी विचारलं तर त्याला नोंदणी क्रमांक तपासून द्यावा. प्रकरण गंभीर असेल तर दूतावास आणि आयसीबीएफ आहेतच.

यात क्रांती वगैरे काही नाही. पण शेरेटनमध्ये मंत्र्यांना जे जमवता आलं नाही, ते आपण छोट्या प्रमाणात जमवू शकतो, कारण आपल्याला १४० देशांची सहमती लागत नाही. दहा-वीस घरांची पुरते. आणि गावी वाचणाऱ्या काका-मावशींना एक विनंती: मुलगा "एजंटला पैसे द्यायचेत" म्हणाला, तर पाटल्या काढून देण्याआधी आम्हाला एक फोन करा. मिस्ड कॉल दिलात तरी चालेल.

शुभ दीपावली!