आठव्या दिवशी काय?

रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे मोफत उपचार देणारी योजना केंद्र सरकारने २०२५ साली लागू केली. ती स्वागतार्हच आहे. परंतु मेंदूला इजा झालेल्या श्रमिकाचा खरा लढा आठव्या दिवसानंतरचा असतो. स्मृती, वाचा वा संयम गमावून तो घरी परततो आणि त्याच्या शुश्रूषेपायी पत्नीची मजुरी बुडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकते. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पळवाटही ठेवते. मर्यादा नेहमी गरिबांच्याच वाट्याला का? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात घरोघर जाणारे प्रशिक्षित, पगारी पुनर्वसनसेवक नेमलेच पाहिजेत. ही याचना नव्हे, हक्क आहे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून तो मागावा.